भांडण संपल्यावरही न उठणारी शुल्के

जून १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञांचा विरोध डावलून अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. आयात शुल्क वाढले, कॅनडा आणि युरोपातल्या देशांनी उलट शुल्क लावले. मंदी आधीच आली होती. तिच्या जोडीला हे आले आणि १९२९ ते १९३४ दरम्यान जागतिक व्यापार सुमारे दोन तृतीयांशाने आटला.

त्याहून लहान, पण माझ्या मते अधिक बोलके उदाहरण १९६४ चे आहे. युरोपीय सामाईक बाजारपेठेने (आजच्या युरोपीय संघाचे जुने रूप) अमेरिकी कोंबडीवर शुल्क वाढवले, म्हणून अमेरिकेने ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारा चिकट पदार्थ) आणि हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावले. बाकीची यथावकाश उठली, ट्रकवरचे अजून आहे. त्यातून वाट काढण्यासाठी जपानी कंपन्या ट्रकचा सांगाडा वेगळा पाठवत आणि मागचा हौदा अमेरिकेत बसवत. १९८० मध्ये ती पळवाट बुजली, तेव्हा कारखानेच अमेरिकेत आले. वाद कोंबडीचा होता, जागा बदलली वाहन उद्योगाची.

पुढे कंटेनरने वाहतूक स्वस्त केली, २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि एकच वस्तू अनेक देशांत मिळून बनू लागली. त्यामुळे शुल्काचा मार तयार मालाइतकाच सुट्या भागांवर, म्हणजे शुल्क लावणाऱ्या देशाच्या स्वतःच्या कारखान्यांवरही पडू लागला. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क लावले, त्यात यंत्रे आणि त्यांचे भागच जास्त होते. चीनने सोयाबीनवर तेवढेच शुल्क लावून खरेदी ब्राझीलकडे वळवली. जुळणीचे काम व्हिएतनाम आणि मेक्सिकोकडे सरकले, पण तिथल्या कारखान्यांना लागणारे बरेच भाग चीनमधूनच येत राहिले. अमेरिकेत सरकार बदलले तरी शुल्क राहिले.

जुळणी हलवता येते, धातू शुद्ध करण्याची क्षमता लवकर हलत नाही. दुर्मीळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणाचा जवळपास ९० टक्के वाटा चीनकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याने अशा सात धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. काही आठवड्यांतच या धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांअभावी अमेरिका, युरोप आणि जपानमधले काही वाहन कारखाने थांबले.