विडंबन की विटंबना? एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

स्ट्रॉमॅन म्हणजे काय (समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून खोडणं), व्यक्तीवर हल्ला करणं हा युक्तिवाद का नाही, "तेव्हा कुठे होतात?" या प्रश्नात काय खोट आहे, हे वाचणाऱ्याला माहीत असतं असं धरूनच चालतो. आपल्याकडे जास्त अडतं ते पुढच्या पायरीवर. समोरचा मजकूर उपरोधिक आहे की लेखकाला खरंच तसं म्हणायचंय हे ठरत नाही, आणि त्याआधीच लोक त्यातल्या तर्काची चिरफाड करायला घेतात.

या चुकीला आपल्याकडे फार जुनं नाव आहे. न्यायसूत्रांमध्ये, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, छलाचे, म्हणजे शब्दांचा अर्थ फिरवून समोरच्याला खोटं पाडण्याचे, तीन प्रकार दिलेत, वाक्छल, सामान्यच्छल आणि उपचारच्छल. पहिल्याचं "नवकंबल" हे उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, बोलणारा नव्या घोंगडीबद्दल बोलतोय आणि ऐकणारा म्हणतो याच्याकडे नऊ घोंगड्या कुठायत. पण इथे कामाचा आहे तो तिसरा. "मंच ओरडतायत" असं कोणी म्हटलं की मंचावरची माणसं ओरडतायत हे उघड असतं, तरी "लाकूड कसं ओरडेल" म्हणून त्याला खोटं पाडायचं, हा उपचारच्छल. म्हणजे लाक्षणिक बोलणं मुद्दाम शब्दशः घ्यायचं. उपहास शब्दशः घेऊन त्यावर आक्षेप घेणारा माणूस माझ्या मते नेमकं हेच करतो.

छापील मराठीत उपरोधाचं हत्यार खरं परजलं गेलं १८७४ ला सुरू झालेल्या, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमाला या मासिकात. तिथलं गद्य आजही वाचताना धार जाणवते, पण गुलामगिरी (१८७३) लिहिणाऱ्या जोतीराव फुल्यांवर तिथे जी टीका झाली ती पुन्हा वाचून बघा, भाषा अशुद्ध, व्याकरण कच्चं यावरून टवाळी आहे आणि जातिव्यवस्थेबद्दलचा मूळ प्रश्न तसाच बाजूला राहतो. उपरोध सुंदर असू शकतो आणि त्याच वेळी त्याच्या पोटात व्यक्तीवरचा हल्ला असू शकतो, हे मराठी वाचकाला तिथूनच शिकता आलं असतं.

आता शब्दाचा गुंता, आणि माझ्या मते अर्धी भांडणं इथूनच निघतात. संस्कृतात विडंबन म्हणजे नक्कल करणं, आणि नकलेतूनच पुढे टवाळी, फजिती. मराठीत याच मुळातून दोन शब्द वेगळे झाले. एक विडंबन, म्हणजे विडंबनकाव्य वगैरे, साहित्यातला मानाचा प्रकार. दुसरा विटंबना, ड चा ट झालेला, आणि तो आपण कुठे वापरतो तर पुतळ्याची विटंबना, झेंड्याची विटंबना, प्रेताची विटंबना. एकावर टाळ्या पडतात, दुसऱ्यावर गुन्हा दाखल होतो. त्यात हिंदीतून तिसरा अर्थ आला, "ही केवढी विडंबना!", म्हणजे दैवदुर्विलास टाइप, आणि आता मराठी बातम्यांतही तो सर्रास दिसतो. त्यामुळे अमुकने तमुकचं विडंबन केलं असं कोणी लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात कुठला शब्द वाजेल सांगता येत नाही. आणि उपरोध! संस्कृतात त्याचा अर्थ अडथळा, वेढा घालणं असा, मराठीत तो टोमण्याच्या बाजूला कसा सरकला हा वेगळाच विषय आहे.

हा गुंता नुसता कोशातला नाही हे २०१२ ला दिसलं. एका व्यंगचित्रकाराने राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे काढले आणि खाली "सत्यमेव जयते" ऐवजी "भ्रष्टमेव जयते" लिहिलं. आधीच्या डिसेंबरात वांद्रे-कुर्ला संकुलात भ्रष्टाचारविरोधी आंदोलन झालं होतं, त्या वेळची ही चित्रं. सप्टेंबरात मुंबईत अटक झाली, कलमं लागली भारतीय दंडसंहितेचं १२४अ म्हणजे थेट राजद्रोह, आयटी कायद्याचं ६६अ म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर, आणि राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अपमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा. तक्रारीचा सूर विटंबनेचा होता. पण चित्र म्हणतंय काय? राजमुद्रा लांडग्यांची आहे असं नाही, तर राज्य करणाऱ्यांनी तिचं हे करून ठेवलंय असं. म्हणजे चित्रकार मुद्रेच्या बाजूने चिडलेला आहे! पुन्हा तोच उपचारच्छल, या वेळी पोलीस ठाण्यात. ऑक्टोबरमध्ये सरकारने राजद्रोहाचं कलम मागे घेतलं, मार्च २०१५ मध्ये मुंबई हायकोर्टाने हे कलम कधी लावायचं याबद्दल पोलिसांसाठी निकष घालून दिले, त्यावर सरकारने ऑगस्टमध्ये परिपत्रक काढलं, तर त्याच्याच शब्दांवरून एवढा गदारोळ झाला की ऑक्टोबरात तेही मागे घ्यावं लागलं.

२०१५ च्याच मे महिन्यात सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला जो मला आजही पटत नाही. १९९४ ला बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या मासिकात एक मराठी कविता छापून आली होती, त्यात गांधीजी कवीला ठिकठिकाणी भेटतात आणि त्यांच्या तोंडी शिवराळ भाषा आहे. रोख समाजाच्या ढोंगावर. खटला अश्लीलतेचा. वीस वर्षांनी कोर्टाने म्हटलं की काव्यस्वातंत्र्य आहेच, पण ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या नावाआडून अशी भाषा आली तर कसोटी जास्त कडक लागेल. आधीच माफी मागितलेल्या प्रकाशकाची सुटका झाली, कवीला मात्र खटल्याला सामोरं जा म्हणून सांगितलं. आदर ही कायद्याची कसोटी झाली की उपहासाला जागा कुठे उरते, कारण तो आदराच्या जागीच बोट ठेवतो.

दरम्यान नेटवर वेगळीच चर्चा चालू होती. २००५ लाच एका ऑनलाइन वादात कोणीतरी लिहून ठेवलं होतं की स्पष्ट खूण नसेल तर टोकाच्या मताचं विडंबन आणि खरं टोकाचं मत यात फरक करता येत नाही. २०१४ मध्ये फेसबुकने उपहासात्मक बातम्यांच्या लिंकांपुढे "सटायर" असं लेबल लावून बघितलं. सोय झाली असेल, पण आधीच सांगून केलेला उपरोध बोथट होतो असं मला मनापासून वाटतं.

एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियम बदलले, केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा मजकूर "खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा" आहे का हे सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार होता. राजकीय उपहास करणारा एक स्टँडअप कलाकार मुंबई हायकोर्टात गेला, उपहास यात येणार नाही असं सरकार म्हणत होतं पण नियमात तसं संरक्षण दिसत नाही हे कोर्टाने सुरुवातीलाच नोंदवलं. जानेवारी २०२४ ला दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, मग प्रकरण तिसऱ्यांकडे गेलं आणि सप्टेंबरमध्ये नियम रद्द ठरला. कारणांमधलं एक म्हणजे हे शब्द संदिग्ध आहेत, "दिशाभूल करणारा" म्हणजे काय हे नियमात कुठेच सांगितलेलं नव्हतं.