भारवाहक बहुवारिके (ओएलईडीमधील)

कार्बनी प्रकाश-उत्सर्जक डायोडमध्ये, म्हणजेच ओएलईडीमध्ये, विद्युत अग्रांपासून प्रकाश देणाऱ्या थरापर्यंत इलेक्ट्रॉन किंवा होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा; ती धन भारासारखी वागते) पोहोचवणाऱ्या बहुवारिकांना (पॉलिमर; लहान घटक जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचे पदार्थ) भारवाहक बहुवारिके म्हणतात. धातूतल्यासारखे मुक्त इलेक्ट्रॉन त्यांच्यात नसतात; अस्ताव्यस्त पसरलेल्या साखळ्यांच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत भार पुढे सरकतो. ही चाल सिलिकॉनच्या तुलनेत कित्येक कोटी पटींनी मंद असू शकते, म्हणून थर साधारणपणे 100 नॅनोमीटर किंवा त्याहून पातळ ठेवावे लागतात.

यांतील सर्वांत जुने नाव पॉलिव्हिनाइलकार्बाझोलचे. ओएलईडीत येण्यापूर्वी ते छायाप्रत यंत्रांत प्रकाशसंवाहक (प्रकाश पडल्यावर वीज वाहू देणारा पदार्थ) म्हणून वापरात होते. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील रॉजर पार्ट्रिज यांनी त्याच्या पातळ पटलांतून विद्युत प्रवाहाने प्रकाश मिळवला आणि 1983 मध्ये ते काम प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. 1990 मध्ये केंब्रिज येथील गटाने पॉलिफिनिलीन व्हिनिलीन या बहुवारिकाचा प्रकाश देणारा डायोड प्रसिद्ध केल्यावर मात्र हे क्षेत्र झपाट्याने वाढले.

भार वेगाने नेण्यापेक्षा दोन्ही भारांचा तोल राखणे अधिक कठीण असते. पॉलिफिनिलीन व्हिनिलीनमध्ये होल सहज वाहतात, इलेक्ट्रॉन मात्र सापळ्यांत अडकतात. त्यामुळे दोहोंचे मीलन ऋणाग्राजवळ होते आणि तेथील धातू प्रकाश निर्माण होण्याआधीच ऊर्जा शोषून घेतो. यावर उपाय म्हणून ऑक्साडायाझोलसारखे इलेक्ट्रॉनग्राही गट साखळीत गुंफतात, किंवा ऋणाग्रासाठी कॅल्शियम अथवा बेरियम वापरतात. हे धातू हवेत टिकत नसल्याने डायोड हवाबंद करावा लागतो. धनाग्राच्या बाजूला पीडॉट-पीएसएस हे दोन बहुवारिकांचे मिश्रण धनाग्र म्हणून वापरलेल्या पारदर्शक इंडियम टिन ऑक्साइडचा खडबडीतपणा झाकते आणि होलच्या प्रवेशातील ऊर्जेचा अडथळा कमी करते. मात्र ते आम्लधर्मी असल्याने त्याच ऑक्साइडला कुरतडते आणि डायोडचे आयुष्य घटवते.

बहुवारिकांऐवजी लहान रेणू वापरले, तर त्यांचे थर निर्वातात बाष्परूपाने एकावर एक चढवता येतात. बहुवारिके मात्र द्रावणातून पसरली जातात, आणि दुसऱ्या थराचे द्रावक पहिला थर विरघळवू शकते. पीडॉट-पीएसएस पाण्यातून पसरत असल्याने आणि त्यावरील थर टोल्यूइनसारख्या द्रावकातून येत असल्याने ती जोडी निभावते. इतरत्र उष्णतेने किंवा अतिनील किरणांनी साखळ्या परस्परांना जोडून थर अविद्राव्य करतात. फोनच्या पडद्यांत आज प्रामुख्याने निर्वातात चढवलेले लहान रेणूच असण्यामागे ही अडचण बरीच आहे. क्वांटम बिंदूंच्या (काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक स्फटिकांच्या) डायोडांत मात्र पॉलिव्हिनाइलकार्बाझोल आणि टीएफबी ही बहुवारिके होलवाहक थर म्हणून नेहमी वापरली जातात.