ऊर्जाबचत करार (एस्को)

वीज किंवा इंधन वाचवणारी यंत्रणा बसवायचा खर्च आधी दुसऱ्या कुणीतरी करायचा आणि त्याचे पैसे पुढं वाचलेल्या बिलातून फेडायचे, अशा व्यवहाराला ऊर्जाबचत करार म्हणतात. खर्च करणारी कंपनी म्हणजे एनर्जी सर्व्हिस कंपनी, बोलताना सगळे एस्कोच म्हणतात. रस्त्यावरचे दिवे, पाणी उपसा केंद्रातले पंप, सरकारी दवाखाने, कॉलेजच्या इमारती, एमआयडीसीतले कारखाने अशा ठिकाणी हे करार होतात. तिजोरीत पैसा नसलेल्या महापालिकेला यातून नवी यंत्रणा मिळते आणि नागरिकांवर नवा कर बसत नाही, म्हणून सार्वजनिक सोयींसाठी पैसा उभारायच्या मार्गांमधे याची गणना होते. हवेत जाणारा कार्बन कमी होतो तो वेगळा.

हिशोब साधा आहे. समजा 250 वॅटचा सोडियम दिवा आहे, चोक धरून तो 280 वॅट खातो, त्याच्या जागी 110 वॅटचा एलईडी लावला. रोज 11 तास दिवा जळाला तर वर्षाचे 4015 तास, म्हणजे एका खांबामागं साधारण 680 युनिट वाचले. युनिटला 7 रुपये धरले तर वर्षाला पावणेपाच हजार. ग्रीडच्या विजेमागं युनिटला सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात, त्या हिशोबानं एका खांबामागं वर्षाला पावणेपाचशे किलो. फिटिंग, वायर, टायमर मिळून 9000 रुपये खर्च आला असं धरलं तरी दोन-सव्वादोन वर्षांत व्याजासकट पैसे वसूल. कागदावर इतका सरळ असणारा व्यवहार प्रत्यक्षात अडतो तो बहुतेक वेळा बचत मोजण्यात आणि हप्ता कुठल्या खात्यातून जाणार या प्रश्नावर, दिव्याच्या तंत्रात फार क्वचित.

उगम

या कराराची सुरुवात कुठं झाली यावर एकमत नाही, तीन मतं आहेत.

पहिलं मत बोल्टन आणि वॅट यांच्याकडं जातं. 1775 मधे जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाच्या पेटंटची मुदत ब्रिटिश संसदेनं 1800 पर्यंत वाढवून दिली आणि मॅथ्यू बोल्टनबरोबरची त्याची भागीदारी उभी राहिली. त्यांनी इंजिनाची एकरकमी किंमत लावली नाही. जुन्या न्यूकमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग पेटंट संपेपर्यंत द्यायचा, अशी अट घातली. याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणी, कारण तिथं तांबं-कथील निघायचं पण कोळसा समुद्रामार्गे बाहेरून यायचा आणि महाग पडायचा. बचत मोजायला इंजिनाच्या तुळईवर एक मोजणी यंत्र बसवलेलं असायचं, तुळई किती वेळा खालीवर झाली ते त्यात नोंदलं जायचं, ही पेटी कुलूपबंद असायची आणि किल्ली कंपनीच्या माणसाकडं. जुन्या इंजिनानं तेवढ्याच कामाला किती कोळसा खाल्ला असता याचे तक्ते आधीच तयार केलेले असत. तरीही भांडणं झाली, खाणवाल्यांना ही रक्कम जुलमी वाटू लागली, काहींनी पैसे थांबवले, पेटंट मोडून इंजिनं बांधली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी मोजणीची कटकट सोडून वर्षाला ठरावीक रक्कम घ्यायचं ठरलं. आजच्या एस्को करारातले जवळपास सगळे वाद यात दिसतात, म्हणून हे मत लोकप्रिय आहे.

दुसरं मत फ्रान्सचं. तिथं इमारती गरम ठेवायचं काम कंत्राटानं द्यायची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. कंत्राटदारानं बॉयलर सांभाळायचा, इंधन आणायचं आणि खोलीत ठरलेलं तापमान ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाईक उष्णता विकत घेतं, कोळसा किंवा तेल नाही. या कराराचे भाग पी-1 ते पी-4 असे ओळखले जातात, पी-1 म्हणजे इंधन, पी-2 रोजची देखभाल, पी-3 मोठी दुरुस्ती आणि भाग बदलणं, पी-4 म्हणजे यंत्रणेसाठी उभारलेल्या पैशाची फेड. इंधन कमी जाळून तापमान राखलं तर फायदा कंत्राटदाराचा, त्यामुळं बचतीची ओढ आपोआप तयार होते.

तिसरं मत, जे अमेरिकेतल्या लिखाणात जास्त सापडतं, ते 1973 आणि 1979 च्या तेलसंकटाला सुरुवात मानतं. एस्को हे नाव आणि बचत वाटून घ्यायचा नमुना तिथूनच जगभर गेला यात शंका नाही. 1986 मधे तेलाचे भाव कोसळले तेव्हा वाटून घ्यायची डॉलरमधली बचतच आटली, बऱ्याच कंपन्या अडचणीत आल्या आणि मग कर्ज गिऱ्हाइकानं घ्यायचं, कंपनीनं फक्त ठरावीक बचतीची हमी द्यायची हा हमी करार जास्त चालू लागला. त्याच वर्षी तिथल्या केंद्रीय कार्यालयांना 25 वर्षांपर्यंतचे बचत करार करायची कायद्यानं मुभा मिळाली.

वॅटच्या व्यवहारात इंजिनाच्या सुट्या भागांचा आणि उभारणीचा खर्च खाणमालकच करायचा, वॅटला मिळायचा तो पेटंटचा मोबदला. म्हणजे मोजणी तिथं होती पण दुसऱ्यानं पैसा घालणं नव्हतं. फ्रान्समधल्या पी-4 भागात ते स्पष्ट आहे. त्यामुळं मोजणीची परंपरा इंग्लंडची आणि पैसा घालायची फ्रान्सची, आणि आजच्या अर्थानं कराराचा उगम फ्रान्सकडं धरणं जास्त पटतं.

भारतात

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, तो मार्च 2002 पासून लागू झाला आणि त्याच वेळी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणजे बीईई सुरू झाला. महाराष्ट्रात या कायद्याचं काम महाऊर्जा, म्हणजे मेडा, बघते. राज्यातलं नेहमी सांगितलं जाणारं जुनं उदाहरण अकोल्याचं. 2007 च्या आसपास तिथल्या महापालिकेनं साडेअकरा हजारांच्या घरात दिवे बदलून घेतले, जुन्या दिव्यांच्या जागी कमी वीज खाणाऱ्या बारीक टी-फाइव्ह ट्यूब आल्या, सगळी गुंतवणूक खासगी कंपनीची आणि बचतीतला 95 टक्के वाटा सहा वर्षं कंपनीला. पालिकेच्या वाट्याला फक्त 5 टक्के आले म्हणून टीका करणं सोपं आहे, पण एक रुपयाही न घालता दिवे आणि देखभाल दोन्ही मिळाले.

2009 मधे एनटीपीसी, पॉवर फायनान्स, आरईसी आणि पॉवरग्रिड या चार सरकारी कंपन्यांनी मिळून ईईएसएल ही एस्को काढली. जानेवारी 2015 मधे घरगुती बल्बची उजाला योजना आणि रस्त्यावरच्या दिव्यांची राष्ट्रीय योजना एकदम सुरू झाली. एकगठ्ठा खरेदीमुळं एलईडी बल्बचा खरेदीभाव 2014 च्या सुरुवातीच्या 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला, रस्त्यावरचे दिवे तर सव्वा कोटीच्या वर बदलले गेले. या योजनेत पैसा ईईएसएल घालते आणि पालिका सात वर्षांत फेडते. अनेक पालिकांचे हप्ते थकले हेही नोंदवलं पाहिजे. वीज वाचली तरी वाचलेला पैसा हप्त्यासाठी बाजूला पडला नाही, तो पगार आणि इतर देण्यांत गेला. यावर उपाय एस्क्रो खात्याचा, म्हणजे घरफाळ्यासारखी एखादी मिळकत आधी त्या खात्यात पडायची, हप्ता कापला जायचा आणि उरलेलं पालिकेला मिळायचं.

बचत मोजायची कशी

वाचलेली वीज मीटरवर दिसत नाही. मीटर दाखवतो वापरलेली वीज. बचत म्हणजे यंत्रणा बदलायचं काम झालं नसतं तर किती लागली असती, वजा प्रत्यक्ष लागली ती. पहिला आकडा अंदाजाचा, त्याला बेसलाइन म्हणतात आणि सगळी भांडणं तिथंच. ती कमी व्हावीत म्हणून 1997 पासून आयपीएमव्हीपी नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात अ, ब, क, ड असे चार मार्ग दिलेत, एकाच यंत्राचं मोजमाप इथपासून पूर्ण इमारतीच्या कॉम्प्युटर मॉडेलपर्यंत.

रस्त्यावरच्या दिव्यांची पहिली अडचण बंद खांब. शंभरातले वीस दिवे आधीच बंद असतील तर ते वीज खातच नव्हते, नवे लावल्यावर खायला लागले, म्हणजे गल्लीत उजेड वाढला पण बिल अपेक्षेएवढं उतरलं नाही. बेसलाइन सगळे दिवे चालू धरून काढायची की प्रत्यक्ष चालू होते तेवढेच धरून? पहिल्यात कंपनीचा फायदा, दुसऱ्यात पालिकेचा. सही करायच्या आधी रात्री फिरून प्रत्येक खांब मोजणं आणि दोन्ही बाजूंनी त्या यादीवर सही करणं यापेक्षा चांगला उपाय निघालेला नाही.

पंपांचं गणित वेगळं. 1000 लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला कमीत कमी 0.27 युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 50 टक्के असेल तर 0.54, ती 75 वर नेली तर 0.36. म्हणून पंपाच्या करारात निव्वळ बिल बघून चालत नाही, पाणी किती आणि किती उंच चढलं तेही मोजलं पाहिजे. त्यासाठी फ्लोमीटर, म्हणजे पाइपातून गेलेलं पाणी मोजणारा मीटर, लागतो आणि तो चालू स्थितीत लागतो.

हे का महत्त्वाचं ते कोल्हापुरात चांगलं समजतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही पाणी उपसा केंद्रं पाण्याखाली जाऊन बंद पडली, शहर टँकरवर आलं. पंप बंद म्हणजे वीज वापर नाही, नुसतं बिल बघणाऱ्याला ती बचत दिसेल. 2021 ला परत पूर. त्यामुळं पंचगंगेकाठच्या कुठल्याही पंपाच्या करारात पुराचे दिवस हिशोबातून बाहेर काढायचं कलम लागतंच, आणि पंपाचं विजेचं पॅनेल पूररेषेच्या वर न्यायचा खर्च कुणाचा तेही आधीच लिहावं लागतं, कारण त्यातून युनिट वाचत नाही पण त्याशिवाय नवा पंप टिकत नाही. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन शहराजवळ पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचली, पन्नासेक किलोमीटरवरून पाणी यायला लागलं आणि शहराच्या उपशाचं गणितच बदललं. असा स्रोत बदलला की जुनी बेसलाइन मोडीत काढून नवी मांडावी लागते.

बिलाचा आणखी एक मुद्दा. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात वीज आकाराबरोबर मागणी आकार, वहन आकार असे भाग असतात. युनिट 20 टक्के कमी झाले तरी कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेला जास्तीत जास्त भार, तेवढीच राहिली तर बिल 20 टक्के उतरत नाही. करारात बचत युनिटमधे लिहायची की रुपयांत हे म्हणूनच आधी ठरवतात. दरवाढीची जोखीम कुणी घ्यायची ते त्यावर ठरतं.

कोल्हापूरचे अनुभव

सार्वजनिक कामाला खासगी पैसा लावायचा विषय कोल्हापुरात निघाला की टोल आठवल्याशिवाय राहत नाही. शहरातले सुमारे 50 किलोमीटर रस्ते बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीनं झाले, त्याची वसुली नाक्यांवर सुरू झाली आणि एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांच्या साथीनं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं. 2015 अखेर टोल रद्द झाला, देणं सरकारवर गेलं. रोजच्या येण्याजाण्यावर नवा पैसा आकारला की लोक जाब विचारतात, कामाचा दर्जा आणि कराराचा कागद दोन्ही तपासतात, आणि ते योग्यच आहे. ऊर्जाबचत करारात वसुली आधीपासून भरत असलेल्या बिलातून होते, त्यामुळं विरोधाचं कारण कमी, पण त्याच कारणानं लोकांचं लक्षही कमी, म्हणून बचतीचे आकडे दर महिन्याला जाहीर करायची अट अशा करारात असायलाच हवी.

दुसरा अनुभव उपसा संस्थांचा, तो जास्त उपयोगी आहे आणि संदर्भग्रंथांत फारसा येत नाही. नदीकाठच्या गावांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या, बँकेचं कर्ज घेऊन मोटरी आणि पाइप टाकले, आणि पाणीपट्टी कारखान्यानं सभासदाच्या ऊस बिलातून परस्पर कापून संस्थेकडं वळती करायची रीत पडली. कर्ज फिटलं ते या कपातीमुळं. एस्क्रो खात्याचं तत्त्व हेच आणि ते इथं दोन-तीन पिढ्या चालू आहे. शेतीपंपाला मात्र बचत करार लावता येत नाही, कारण वाचलेल्या विजेचे पैसे शेतकऱ्याला मिळतच नाहीत. हॉर्सपॉवरवर ठोक दर होता तेव्हाही तेच, आणि 2024 पासून राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीज मोफत झाल्यावर चांगला पंप घ्यायचं कारणच उरलं नाही. वाचणारा पैसा सरकारच्या अनुदानातला, तेव्हा करार झाला तर तो सरकारशी किंवा महावितरणशीच व्हायला पाहिजे.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्रीत चित्र उलटं, तिथं विजेचा दर हा रोजचा विषय आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट जातात. यातले बरेचसे हातच्या सवयीत अडकलेले असतात, झाकण उघडं ठेवून चार्जिंग, गंजकं आणि मातीचं स्क्रॅप, मोल्ड तयार नाहीत म्हणून वितळलेला रस तसाच गरम ठेवत थांबणं. महिन्याला 500 टन ओतणाऱ्यानं टनामागं 40 युनिट वाचवले तर 20 हजार युनिट, 8 रुपयांनी 1 लाख 60 हजार. पण ही बचत मशीन बदलून कमी आणि शिफ्टची शिस्त लावून जास्त होते, त्याला कुठली एस्को पैसा घालणार? कंप्रेसर आणि नव्या भट्टीपुरताच करार जमतो.

उलट परिणाम आणि कार्बन

इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ स्टॅन्ली जेव्हन्स यानं 1865 मधे मांडलं की इंजिनं कमी कोळशात चालायला लागली की कोळशाचा एकूण खप वाढतो. 1980 च्या आसपास खझ्झूम आणि ब्रूक्स या अर्थशास्त्रज्ञांनी हाच मुद्दा पुन्हा पुढं आणला. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की घरगुती वापरात बचतीचा काही भागच असा परत खर्च होतो, सगळा नाही. कोल्हापूरच्या शेतीत मात्र जेव्हन्सचं भय खरं वाटतं, पाणी स्वस्तात चढलं की उसाखालचं रान वाढतं.

कार्बनच्या विक्रीतून या करारांना पैसा मिळेल ही आशा जुनी. क्योटो हवामान कराराच्या सीडीएम योजनेत, म्हणजे कार्बन कमी करणाऱ्या प्रकल्पांना विकता येणारी क्रेडिट द्यायच्या योजनेत, साखर कारखान्यांतल्या बगॅसवरच्या (उसाच्या चिपाडावरच्या) सहवीजनिर्मितीला क्रेडिट मिळाली, पण 2012 च्या सुमारास त्यांचा भाव पडला. 2022 च्या कायदा दुरुस्तीनंतर 2023 मधे केंद्रानं कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली, तिच्यात सक्ती मोठ्या उद्योगांवर आहे. छोट्या फौंड्री आणि पालिका स्वखुशीच्या भागातच येऊ शकतात, आणि एका खांबामागं अर्धा टनसुद्धा भरत नाही तिथं नोंदणी आणि तपासणीचा खर्च निघायचा तर पाच-दहा पालिकांचे दिवे एकाच अर्जात बांधावे लागतात.