'जन्मजात चोर' वाला मेसेज परत आलाय म्हणून

"अमुक जमातीचे लोक जन्मापासूनच चोर, एरियात दिसले तर आधी पोलिसांना कळवा." आमच्या कुर्ल्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज दर दिवाळीआधी फिरतो, आणि पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, घरात म्हातारी माणसं असली की भीती वाटतेच.

पण हे 'जन्मजात' आलं कुठून बघा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आख्ख्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला, मग काही केलेलं नसलं तरी पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी लागायची, सोलापुरात तर तारेच्या कुंपणात ठेवलेलं, तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. यादीत हिंदू होते तसे मुसलमानही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, संशय मात्र राहिला, म्हणून चोरी झाली की बऱ्याचदा पोलीस आधी या जमातींच्याच वस्तीत, आणि मारही तिथेच. बरं, मारून कबूल करून घेतलं तरी पोलिसांपुढची नुसती कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतही नाही.

ग्रुपमध्ये कीर्तनवाले, नमाजी, चर्चला आणि विहारात जाणारे सगळेच आहेत. बुद्धांनी सरळ सांगितलंय की माणूस नीच ठरतो तो कर्माने, जन्माने नाही, इस्लाममध्येही एकाच्या पापाचं ओझं दुसऱ्यावर नसतं.

तपासायचं तर तारीख, जागा, पोलीस स्टेशन दिलंय का बघा, नसेल तर सरळ चौकीत विचारा. आणि जमातीचं नाव काढून मेसेज परत वाचा, उरतं फक्त दाराला नीट कडी लावा एवढंच.