हार्टब्लीड: त्याच्या आधी काय काय झालेलं

एप्रिल २०१४. सांगलीत लोकसभेच्या प्रचाराचे भोंगे चालू आणि मी एका पतसंस्थेत, जिन्याखालच्या खोलीत, सर्व्हरवर ओपनएसएसएलचं (ब्राउजर आणि सर्व्हरमधली माहिती कुलूपबंद करणारा कोड) व्हर्जन कुठलं ते बघत बसलेलो, कारण त्यात हार्टब्लीड नावाचं भोक सापडलेलं. चेअरमन दारात उभे. "आरं, ब्राउजरमधी कुलूप दिसतंय की, मग कसला घोर लागलाय तुला?"

ते कुलूप आणलं नेटस्केप या ब्राउजर बनवणाऱ्या कंपनीनं. १९९५ ला एसएसएल २ (माहिती गुप्त कशी पाठवायची त्याचे नियम), त्यात एवढी भोकं निघाली की १९९६ लाच ३ काढावं लागलं, आणि १९९९ ला पुढच्या व्हर्जनचं नाव टीएलएस ठेवलं. पण हे नुसते नियम, ते कोडमध्ये उतरवले एरिक यंग आणि टिम हडसन यांनी, त्या लायब्ररीचं, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडचं, नाव एसएसएलईएवाय (शेवटचं ईएवाय म्हणजे यंगची आद्याक्षरं). डिसेंबर १९९८ ला त्यातूनच ओपनएसएसएल निघालं, फुकट होतं म्हणून जगानं उचललं, सांभाळायला माणसं मात्र बोटावर मोजण्याएवढी. माझ्या मते खरी गोची इथंच आहे, कुलपाच्या गणितात नाही.

२००६ ला डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या ओपनएसएसएलमध्ये एक वॉर्निंग येत होती ती घालवायला कुणीतरी कोडमधली ओळ बंद केली, झालं, किल्ली बनवताना लागणारा रँडमपणाच गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा नंबर), म्हणजे एका साईजच्या मोजून ३२,७६८ किल्ल्या. मे २००८ ला बाहेर आलं. फेब्रुवारी २०१४ ला ॲपलच्या स्वतःच्या एसएसएल कोडात तर एकच 'गोटू फेल' ('चूक निघाली, बाहेर पड') ओळ दोनदा पडलेली, तेवढ्यानं तपासणीच अर्धवट सुटत होती.

आणि मग ७ एप्रिल, हार्टब्लीड. मार्केट यार्डात हळदीची आडत बघितलीय ना? समजा मी एक पोतं टाकलं आणि म्हटलं ६४ पोती टाकलीत, परत द्या, आणि दिवाणजीनं न मोजता माझं एक आणि शेजारच्या थप्पीतली दुसऱ्यांची ६३ उचलून दिली. तसंच. 'आहेस का जागा' म्हणून पाठवायचा हार्टबीट, त्यात लांबी खोटी सांगितली की सर्व्हर शेजारच्या मेमरीतलं ६४ केबीपर्यंत देऊन टाकायचा, पासवर्ड असू दे नाहीतर सर्व्हरची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली), आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, काही नाही. हे कोड ३१ डिसेंबर २०११ ला आत गेलं आणि मार्च २०१२ ला ओपनएसएसएल १.०.१ मधून बाहेर पडलं, दोन वर्षं कुणी लांबी मोजलीच नाही. प्रोजेक्टला देणग्या मिळायच्या वर्षाला साधारण २००० डॉलर! बोंब झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैसे दिले, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी त्याच कोडातून लिब्रेएसएसएल वेगळं केलं, गुगलनं बोरिंगएसएसएल.

आमचं काय? स्क्रीनवर आलं ०.९.८. हार्टबीट त्यात नव्हताच, वर्षानुवर्षं कुणी अपडेट केलं नव्हतं म्हणून वाचलो. चेअरमन खूश, "बघ, म्हणून जुन्याला हात लावायचा नसतो." ऑक्टोबरात पूडल नावाचं दुसरं भोक आलं, ते १९९६ च्या एसएसएल ३ वरच, आणि आमच्याकडं ते चालूच होतं. परत जिन्याखाली.