शरीराचं वय मोजायचं घड्याळ आलं कुठून

माझ्या आईचं वय ६८. मागच्या महिन्यात तिने रात्रीचं जेवण बंद केलं, कारण कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं की कमी खाल्लं की बायोलॉजिकल एज, म्हणजे जन्मतारखेचं नाही तर शरीराचं वय, कमी होतं. मग मी ही गोष्ट मुळापासून वाचायला घेतली.

सुरुवात उंदरांपासून होते. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की व्हिटॅमिन, मिनरल सगळं व्यवस्थित देऊन फक्त कॅलरी कमी केल्या तर उंदीर जास्त जगतात. इथे लोक गल्लत करतात ती हीच, उपाशी ठेवणं वेगळं आणि पोषण पूर्ण ठेवून कॅलरी कमी करणं वेगळं.

मग प्रश्न आला की माणसाच्या जवळच्या प्राण्यात हे चालतं का, म्हणून १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग सुरू झाले, एक विस्कॉन्सिन विद्यापीठात आणि एक तिथल्या सरकारी वार्धक्य संस्थेत, आणि ही माकडं २५-३० वर्षं सहज जगतात म्हणजे उत्तराची वाट बघण्यात संशोधकांचं अर्धं करिअर गेलं. २००९ ला विस्कॉन्सिनवाले म्हणाले फायदा आहे, २०१२ ला सरकारी संस्था म्हणाली आयुष्य काही वाढलं नाही. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. कारण नंतर खाणं तपासलं तर विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात जवळपास २८ टक्के साखर होती आणि दुसरीकडे ४ टक्क्यांच्या आत, शिवाय विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठी ठेवलेली माकडं पोटभर खात होती आणि दुसरीकडे त्यांनाही मोजूनच मिळायचं. म्हणजे आधीच बेताचं आणि बरं खाणाऱ्याने अजून कमी केलं तर फरक थोडाच पडणार. २०१७ ला दोन्ही टीमनी डेटा एकत्र बघितला तेव्हा तब्येतीला फायदा होतो एवढं मान्य झालं.

पण माणसं मरेपर्यंत थांबून प्रयोग कसा करणार? म्हणून आत्ताच शरीराचं वय मोजून दाखवणारं काहीतरी, म्हणजे एक घड्याळ लागलं. २०१३ ला स्टीव्ह होर्वाथ या संशोधकांनी डीएनएवरच्या ३५३ जागा निवडल्या, तिथे मेथिलेशन म्हणजे रासायनिक खुणा वयानुसार कमीजास्त होतात, त्यावरून वयाचा अंदाज बांधला. पुढे अशी बरीच घड्याळं आली. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांच्या तपासण्या लहानपणापासून चालू आहेत, त्यांच्यावरून एक घड्याळ बनलं, ते वय नाही सांगत, म्हातारपण किती स्पीडने येतंय ते सांगतं.

माणसांवर कॅलरी कमी करून बघण्याचा मोठा प्रयोग म्हणजे 'कॅलेरी' (CALERIE, हे प्रयोगाचं नाव). २२० माणसं, लठ्ठ कुणी नाही, दोन वर्षं. ठरलं होतं २५ टक्के कॅलरी कमी करायच्या पण जमल्या सरासरी १२ टक्के, आणि ते मला अगदी पटतं, रोज मोजून खाणं सोपं नाहीये. २०२३ मध्ये त्यांच्या साठवलेल्या रक्तावरून निकाल आला, डनेडिनच्या घड्याळात स्पीड २ ते ३ टक्के कमी झाला, आणि बाकीच्या ज्या घड्याळांवर तपासलं त्यांत ठळक फरक दिसला नाही. त्याआधी २०२१ ला 'आठ आठवड्यात तीन वर्षांनी तरुण' अशी बातमी फिरली होती, त्यात आहार, झोप, व्यायाम सगळं एकत्र होतं पण माणसं एकूण ४३, आणि सगळे पुरुष.

कॅलेरीत अजून एक गोष्ट निघाली जी व्हिडिओत कुणी सांगत नाही, कमी खाणाऱ्यांच्या हाडांची घनता थोडी घटली. आणि भाग घेणारे सगळे पन्नाशीच्या आतबाहेरचे सुद्धा नाहीत, आतलेच. अडुसष्ट वर्षांची एकही बाई त्यात नव्हती. हे आईला दाखवलं, आता ती संध्याकाळी सातला भाकरी आणि वाटीभर आमटी खाते.