हुंदक्याकडून मौनाकडे: चिनी सिनेमातल्या संयमाची पार्श्वभूमी

चिनी सिनेमातली माणसं दुःख गिळतात, हा त्या समाजाचा स्वभावच, असं सहज म्हटलं जातं. पण 1949 च्या कम्युनिस्ट क्रांतीनंतरची तीसेक वर्षं तिथल्या पडद्यावर दुःख मोठ्यानेच रडत होतं.

या रडण्यामागे 'सू-खू' होतं, म्हणजे सोसलेलं बोलून दाखवणं. जमीन-सुधारणांच्या काळात कार्यकर्ते आधी घरोघर जाऊन शेतकऱ्यांच्या हकिगती काढून घेत आणि कोणाला सभेत उभं करायचं ते ठरवत. निवडलेला शेतकरी जमीनदारासमोर सांगता सांगता रडे, सभा रडे, मग संताप उसळे. 1950 चा 'द व्हाइट-हेअर्ड गर्ल' याच घडणीचा. दुःखाला एक गुन्हेगार लागे आणि एक तारणहार.

त्याआधी, 1948 मध्ये, फेइ मू यांचा 'स्प्रिंग इन अ स्मॉल टाउन' आला होता. युद्धात पडझड झालेलं घर, आजारी नवरा, त्याची बायको आणि पाहुणा म्हणून आलेला तिचा जुना प्रियकर. पात्रं अवघी पाच. क्रांतीनंतर हा सिनेमा मागे पडला. 2005 मध्ये हाँगकाँगच्या शंभर सर्वोत्तम चिनी चित्रपटांच्या यादीत तो पहिला आला.

बीजिंग फिल्म अकादमीत 1978 मध्ये पुन्हा प्रवेश सुरू झाले. 1982 मध्ये बाहेर पडलेल्या तुकडीने सांस्कृतिक क्रांती (माओंची 1966 ते 1976 ची राजकीय मोहीम) अंगावर झेललेली होती आणि सभेतल्या रडण्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. चेन काइगे यांच्या 'यलो अर्थ'मध्ये (1984) झांग यिमोऊ यांच्या कॅमेऱ्याने क्षितिज चौकटीत इतकं वर ठेवलं की आभाळाची जेमतेम पट्टी उरते. त्यातल्या मुलीचा शेतकरी बाप जवळपास बोलतच नाही.

या मौनाची ताकद मला सर्वांत जास्त जाणवते ती 'द ब्ल्यू काइट'मध्ये (1993). ग्रंथालयातल्या सभेत 'उजवे', म्हणजे पक्षाचे विरोधक, कोण ते ठरवायचं आहे. एक जण लघवीला जाऊन परततो, तर सगळे त्याच्याकडे बघत असतात. निवड झालेली आहे. दिग्दर्शक तिआन झुआंगझुआंग यांच्यावर त्यानंतर चित्रपट करण्याची बंदी आली.

'कमिंग होम'मध्ये (2014) मात्र संयम आणि टाळाटाळ यांतली रेघ पुसट होते. मूळ कादंबरीतली नवऱ्याची श्रमछावणीतली वर्षं वगळून चित्रपट तिचा शेवटचा भागच घेतो. स्मृती गेलेली बायको दर महिन्याच्या 5 तारखेला स्टेशनवर नवऱ्याची वाट पाहते, आणि म्हातारा झालेला तो तिच्या शेजारी बर्फात स्वतःच्याच नावाची पाटी धरून उभा राहतो.